तुमचे बारा, आमचे बारा

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. सध्या माझा मुक्काम बार्सिलोना शहरात, पाचव्या मजल्यावर, दाराच्या मागे दोन छत्र्यांच्या शेजारी आहे. माझ्या खालच्या टोकाला लोखंडी शेंबी आहे आणि त्या शेंबीवर गेल्या वर्षी रबराचे बूच बसवले गेले, कारण खालच्या मजल्यावरच्या बाईंना माझ्या आवाजाचा त्रास होतो. एके काळी माझा आवाज एका देशातून दुसऱ्या देशात जात असे. आता मला लिफ्टमध्येसुद्धा हळू टेकवतात. असो. मी काही रडगाणे गायला बसलेली नाही. मला तुम्हाला एका दिवसाची गोष्ट सांगायची आहे, पण ती कळण्यासाठी थोडी मागची हकीकत ऐकावी लागेल.

माझा जन्म मिन्यो नदीच्या काठचा. नदीच्या अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेनचा गालिसिया प्रांत. अर्थात पलीकडची माणसेही आपल्याच काठाला अलीकडे म्हणत. दोन्हीकडे तीच द्राक्षे, तोच मक्याचा जाड पाव, कोंबड्या पळवणारे कोल्हेही तेच. बोली इतकी सारखी की शिव्या समजायला कोणालाच अडचण पडत नसे. फरक होता तो घड्याळात. पलीकडच्या देवळात बाराचे टोल पडत तेव्हा आमच्या देवळात नुकते अकरा वाजलेले असत. त्यामुळे कोणी भेटीची वेळ सांगितली की नदीकाठचा माणूस आधी विचारी, "तुमचे की आमचे?"

कुश्तोदियू नावाच्या माणसाने मला जानेवारीत, चंद्र उतरणीला लागल्यावर, तोडले. त्या दिवसांत तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही अशी त्याची खात्री होती आणि मी आजही धडधाकट आहे, तेव्हा त्याचे खरे असावे. त्याने मला विस्तवावर शेकून सरळ केले, जवसाचे तेल चोळले आणि लोहाराकडून शेंबी ठोकून घेतली. माझ्या अंगावर त्याने तीन खाचाही पाडल्या. नदीत शिरताना पाणी पहिल्या खाचेपर्यंत आले तर खुशाल जायचे, दुसरीपर्यंत आले तर देवाचे नाव घेऊन जायचे आणि तिसरीपर्यंत आले तर गुपचूप घरी जाऊन झोपायचे. कुश्तोदियू तिसऱ्या खाचेपर्यंतही जात असे. पलीकडे कॉफी महाग होती, आमच्याकडे स्वस्त होती, आणि दोन्ही सरकारांनी नदीवर पहारे बसवले होते. आमच्या गावात कॉफी पलीकडे नेणाऱ्याला कोणी चोर म्हणत नसे. धडपड्या म्हणत.

आमच्या नदीत लाम्प्रे नावाचा सापासारखा लांब मासा येतो. त्याला अडवण्यासाठी जुन्या लोकांनी काठापासून पाण्यात घुसणारे दगडी बांध घातले आहेत. त्यांतल्या एका बांधाच्या टोकाचा मोठा दगड खाली पोकळ होता. कुश्तोदियू त्यावर माझी शेंबी आपटी. दोन ठोके लागोपाठ, मग थोडे थांबून एक. पाण्यावरून तो आवाज पलीकडे जाई आणि तिकडचा नावाडी अंधारातून होडी घेऊन येई. मित्रांनो, बढाई वाटेल, पण त्या काळी मला फार मान होता. घरात जेवायला बसताना कुश्तोदियू स्वतःची टोपी खुंटीवर टांगायला विसरे, मला मात्र चुलीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात उभे करायला विसरत नसे.

त्याचे गुडघे थकल्यावर मी त्याच्या मुलीच्या हातात आले. तिचे नाव देओलिंदा. हात लहान, पण पकड घट्ट, आणि रागावली की अंगठ्याने माझी मूठ दाबायची सवय. एकदा ती पाठीवर कॉफी घेऊन पलीकडच्या ओढ्यावरचा दगडी पूल ओलांडत होती. पुलाच्या दोन्ही टोकांना माणसे उभी दिसली. देओलिंदाला वाटले, पहारेकरी. तिने मला दोन्ही हातांनी उचलले. समोरून एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "मारू नकोस गं बाई, आम्ही तुझीच वाट बघतोय."

त्या बाईचे नाव साबेला. तिची दोन बाळे जन्मण्याआधीच गेली होती, आणि तिसऱ्या वेळी ती पोटुशी होती. आमच्याकडची रीत अशी की अशा बाईने रात्री पुलावर जाऊन बसायचे आणि पुलावर जे माणूस पहिले येईल त्याच्या हातून पोटावर पुलाखालचे पाणी शिंपडून घ्यायचे. म्हणजे बाळ जगते. कुत्रे-मांजर आधी जाऊ नये म्हणून घरचे लोक दोन्ही टोकांना राखण करतात. ते पहिले माणूस बाळाचे मानलेले आई किंवा बाप होते, मग ते कोणीही असो. ते माणूस कॉफी पळवणारी परदेशी पोरगी निघाली. देओलिंदाने मला कठड्याला टेकवले, ओंजळीने पाणी शिंपडले, आणि बाळ जगले. त्याचे नाव ब्राईस. एकाच मुलाची आई आणि मानलेली आई या नात्याने त्या दोघी एकमेकींना 'कोमाद्र' म्हणू लागल्या. हा शब्द दोन्ही काठांवर एकच आहे.

पुढे पहारे उठले. चौकीत पक्षी बघणाऱ्या हौशी लोकांसाठी बाक टाकले गेले. कॉफी दोन्हीकडे सारख्याच भावाने मिळू लागली आणि माझा धंदा बसला. पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. दर वर्षी ईस्टरनंतरच्या सोमवारी देओलिंदा सकाळी नदीकाठच्या पायवाटेने वर चालत निघे, साबेला पलीकडून मोठ्या पुलावरून येऊन खाली चालत येई, आणि त्या पोकळ दगडाच्या बांधावर दोघी भेटत. मानलेली आई म्हणून ब्राईससाठी देओलिंदाने ईस्टरचा गोड पाव द्यायचा असे. ब्राईस बार्सिलोनाला नोकरीला गेला, त्याचे केस पिकू लागले, तरी पाव चुकला नाही. तो पाव साबेलाच खात असे ही गोष्ट वेगळी.

भेटीची वेळ ठरलेली होती, बारा. तुमचे की आमचे, यावर मात्र तीस वर्षे भांडण चालले. देओलिंदा म्हणे, सूर्यसुद्धा आमच्या घड्याळाने डोक्यावर येतो, तेव्हा आमचेच बारा खरे. साबेला म्हणे, मग सूर्याबरोबरच जेव. दोघीही हट्टाने आपापल्या घड्याळाने येत. त्यामुळे दर वर्षी साबेला एक तास आधी येऊन दगडावर विणकाम करीत बसलेली असे आणि देओलिंदा दिसली की म्हणे, "ये, ये. अर्धा मोजा झाला तुझ्या नावाने." आम्ही सगळेच त्याला गंमत समजत होतो. मीही.

माझे वाईट दिवस आले ते देओलिंदाच्या नातीमुळे. तिने फ्रान्सहून आजीसाठी ॲल्युमिनियमच्या दोन काठ्या आणल्या. त्या लांब-आखूड होतात, त्यांना पट्टे असतात आणि अंगाला कोणाच्याही हाताचा वास लागत नाही. मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावण्यात आले. कोंबड्यांनी माझा जो मान ठेवला तो मी इथे सांगत नाही.

आता त्या दिवसाकडे येते. आदल्या वर्षीच्या भेटीत साबेलाने सांगितले होते की ब्राईस तिला कायमचे बार्सिलोनाला न्यायचे म्हणतो आहे. देओलिंदाला ते लागले. ती पटकन म्हणाली, "जा की मग. तुला काय इथे दोरीने बांधून ठेवलंय?" साबेलाने विणकाम पिशवीत घातले आणि पाव न घेताच ती निघून गेली. सबंध हिवाळा दोघींत एक शब्द झाला नाही. मग ईस्टरच्या आधी साबेलाचा फोन आला. मी खुराड्याला होते, पण खिडकी उघडी होती. साबेला मंगळवारी जाणार होती. सोमवारी बारा वाजता, बांधावर, एवढेच ठरले. तुमचे की आमचे, हे त्या वेळी कोणीच विचारले नाही. थट्टा करण्याइतकी मने मोकळी नव्हती.

सोमवारी पहाटे देओलिंदा खुराड्याकडे आली, मला काढले, शेंबीवरची घाण गवताला पुसली आणि म्हणाली, "चल. तुला ती ओळखते." ॲल्युमिनियमच्या दोघी घरी राहिल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला कुश्तोदियूची आठवण झाली आणि माझ्या तिन्ही खाचा भरून आल्यासारखे वाटले.

त्या दिवशी आमच्या गावात देवळातला क्रूस आशीर्वादासाठी घरोघर आणतात. लोक उंबऱ्यावर फुलांच्या पाकळ्या पसरून घरात थांबतात. अशा दिवशी क्रूस येण्याआधी घर सोडणे म्हणजे गावभर बोभाटा होणे; दर वर्षी देओलिंदा तो येऊन गेल्यावरच निघे. शेजारची ओतीलिया दारातच उभी होती. ती म्हणाली, "एवढ्या लवकर कुठे निघालीस? क्रूस आला की काय सांगू?" देओलिंदा म्हणाली, "सांग, उंबऱ्यावर पाकळ्या आहेत आणि किल्ली कुंडीखाली आहे. देवाला घर माहीत आहे." आणि आम्ही चालू लागलो.

वाट आधी द्राक्षांच्या मांडवाखालून जाते. वेलींना नुकती पालवी फुटली होती. मग ती नदीला भिडते आणि दुपारपर्यंत सोडत नाही. रात्री पाऊस झाला होता, दगडांवर शेवाळ निसरडे होते, आणि पडक्या पाणचक्कीजवळचा ओढा वाटेवर आला होता. देओलिंदाने मला पाण्यात टेकवले. पहिली खाच भिजली. "खुशाल जा," ती स्वतःशीच म्हणाली आणि बूट हातात घेऊन पार झाली. जुन्या चौकीपाशी दुर्बिणी लावलेल्या जोडप्याने तिला हात केला. तिचे लक्ष नव्हते. ती मनगटावरच्या घड्याळाकडे सारखी बघत होती आणि नेहमीपेक्षा भरभर चालत होती. चढावर धाप लागली तरी थांबेना. अंगठा माझ्या मुठीवर दाबलेला होता, पण तो रागाचा दाब नव्हता. भीतीचा होता.

बांधावर पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. देओलिंदाने दगडावर फडके पसरले. पाव ठेवला, खाऱ्या माशाचे वडे ठेवले, वाइनची छोटी बाटली सावलीत पाण्यात उभी केली. थोड्या वेळाने पलीकडच्या देवळाची घंटा वाजली. बारा. देओलिंदाने केस सारखे केले आणि वरच्या वाटेकडे तोंड करून बसली.

कोणी आले नाही. वाटेवर एक कुत्रे दिसले, तेही परत गेले. तिने पावावरचे फडके उघडले, पुन्हा झाकले. मला वाटत होते, बस, थोडी बस. पण काठीला कोण विचारतो? शेवटी ती हळूच म्हणाली, "नाही आली. मी तसं बोलायला नको होतं." तिने वडे पिशवीत भरले, बाटली भरली, पाव तसाच दगडावर ठेवला आणि डोळे पुसत खालच्या वाटेला लागली. मला मात्र दगडाला टेकलेलीच सोडून गेली. ती मला आयुष्यात पहिल्यांदा विसरली, आणि मला राग आला नाही. तिला त्या वेळी काहीच दिसत नव्हते.

ती झाडांआड झाली आणि थोड्याच वेळात आमच्या देवळाची घंटा वाजायला लागली. तेच बारा, आमचे. शेवटचा टोल पडत असतानाच वरच्या वाटेने साबेला आली. गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकत. तिने रिकामा बांध पाहिला. मग पाव पाहिला. मग मला पाहिले. तिने मला हातात घेतले. तिचा तळवा रुंद, करंगळी जाळी ओढून वाकलेली. त्या पुलावरच्या रात्रीनंतर तिने मला कितीदा तरी धरले होते, पण इतके घट्ट नाही.

"अगं बाई," ती मला म्हणाली, "तू इथे आणि ती कुठे?"

मग ती बांधाच्या टोकापर्यंत गेली. ओल्या दगडांवरून, तशा गुडघ्यांनी. आणि तिने माझी शेंबी त्या पोकळ दगडावर आपटली. दोन ठोके लागोपाठ, मग थोडे थांबून एक. साबेला ही त्या नावाड्याचीच मुलगी. लहानपणी पलीकडच्या काठावर बापाच्या मांडीवर बसून तिने हा आवाज ऐकला होता. किती वर्षांनी मी बोलले, मित्रांनो! पहिला ठोका जरा घोगरा निघाला. दुसऱ्यापासून मात्र आवाज लागला. तिने पुन्हा पुन्हा ठोकले. नदी तो आवाज खाली घेऊन गेली.

आणि खालच्या झाडांतून देओलिंदा आली. पळत. या वयात, निसरड्या वाटेवर, हातात काठी नसताना.

"काठी विसरले होते," ती लांबूनच म्हणाली.

"हो ना. काठीसाठीच पळत आलीस."

"बारा कधीच वाजून गेले, साबेला. तुमच्या देवळाची घंटा मी या कानांनी ऐकली."

"आणि मी तुमच्या देवळाची घंटा वाजायच्या आत पोचावं म्हणून मरमर चालले. म्हटलं, शेवटचं जातेय, तर एकदा तिच्या बाराला जाऊ."

"मी तुझ्या बाराला आले," देओलिंदा म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की साबेलाला खाली बसावे लागले. तीस वर्षे दोघींनी आपापला हट्ट धरला होता, आणि ज्या दिवशी दोघींनी सोडला त्याच दिवशी भेट चुकणार होती. हसू ओसरल्यावर साबेला शांतपणे म्हणाली, "मी दर वर्षी इथे तासभर बसले, कोमाद्र. एकदाही उठून गेले नाही. तुला एकदा नाही बसवलं?"

"मला वाटलं, तू येणार नाहीस."

"आणि मला दर वर्षी दुसरं काय वाटायचं?"

देओलिंदाने पिशवीतून वडे काढून तिच्यापुढे ठेवले आणि विचारले, "मग आधी येऊन का बसायचीस?"

"घरी बसून वाट बघण्यापेक्षा इथे बरं वाटायचं. इथून वाट दिसते."

मग दोघींनी वडे खाल्ले, वाइन घेतली, आणि पाव ब्राईसचा असूनही तिथेच मोडला. ऊन पुलाकडे कलले तेव्हा साबेला उठली. देओलिंदाने मला तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "हे बघ, दिली नाहीये. उसनी आहे. बापाची काठी आहे माझ्या. पुढच्या ईस्टरला इथे आणून द्यायची."

साबेला म्हणाली, "आणि तू घरी कशी जाशील?"

"ओढ्याला पाणी पहिल्या खाचेइतकंच आहे. जाते खुशाल."

अशी मी बार्सिलोनाला आले. इथे मला ओढे नाहीत, चढ नाहीत, पदपथ आहेत. ब्राईस चांगला मुलगा आहे. बूच त्यानेच बसवले, पण खालच्या बाईंची बोलणी आईला खावी लागू नयेत म्हणून. कधी तो माझ्या खाचांवरून बोट फिरवतो आणि विचारतो, हे काय आहे. साबेला सांगते, "तुझ्या जन्माआधी हिने तुझ्या दुसऱ्या आईचा हात धरला होता." त्याला ते अर्धेच कळते.

मित्रांनो, जुनी काठी कोपऱ्यात उभी दिसली तर तिला अडसर करू नका. वर्षातून एकदा तेल चोळा, बाहेर न्या. आमची एवढीच मागणी असते. आणि कोणाची वाट बघत असाल, घंटा वाजून गेली असेल, मन कडू व्हायला लागले असेल, तर उठण्याआधी आणखी थोडे बसा. येणाऱ्याचे घड्याळ वेगळे असू शकते. तो कदाचित तुमच्याच घड्याळाने यायला धडपडत असेल.

काल संध्याकाळी साबेलाने मला दारामागून काढले, बूच ओढून फेकले आणि जवसाचे तेल चोळले. आगगाडीचे तिकीट टेबलावर आहे. मग तिने फोन लावला. पलीकडून देओलिंदाचा आवाज आला, सोमवारी, बारा वाजता, बांधावर. साबेला गालात हसली.

"तुमचे की आमचे?" तिने विचारले.

मग देओलिंदा म्हणाली, "आपले."

आता आपले बारा म्हणजे नेमके केव्हा, ते मला विचारू नका. जी आधी पोचेल ती बसून राहील, एवढे मात्र मी खात्रीने सांगते.